अहवालाची भाषा

‘सीमारेषीय’ हा शब्द आम्हां दोघांच्या ओळखीचा होता, पण तो नकाशाच्या संदर्भात. बेळगावच्या प्रश्नावरील व्याख्याने ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला सीमा म्हटले की दोन राज्येच आठवतात. हाच शब्द एका नऊ वर्षांच्या मुलाच्या बुद्धीला विशेषण म्हणून लागलेला आम्ही प्रथम पाहिला तो २०२४ च्या पावसाळ्यात.

येथील ‘आम्ही’ संपादकीय नाही, संख्यावाचक आहे. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात आम्ही दोघे शिकवतो. दोन टेबले, एक कपाट आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ही आमची सामाईक मालमत्ता. त्या दिवशी संध्याकाळी आमची एक माजी विद्यार्थिनी भिजलेली छत्री दाराबाहेर ठेवून विभागात आली. बी.ए.ला तिने मानसशास्त्र विशेष स्तरावर आणि मराठी सामान्य स्तरावर घेतले होते. पुढे मानसशास्त्रात एम.ए. करून ती शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका करीत होती. तिच्या हातात चार पानांचा इंग्रजी अहवाल होता.

“सर, मॅडम, एवढं मराठीत करून द्याल का? इंग्रजीत लिहून झालंय. मराठीत आणलं की कोणाच्या तरी अंगावर धावून गेल्यासारखं वाटतंय.”

तिच्या मार्गदर्शक बाईंची अट अशी होती की, अहवाल इंग्रजीत असला तरी त्यासोबत पालकांसाठी एक मराठी पान असलेच पाहिजे, आणि ते पालकांना दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय वाचता आले पाहिजे. मुलगा महापालिकेच्या शाळेत चौथीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) आई चार घरी स्वयंपाक करणारी, सातवीपर्यंत शिकलेली. अहवालाच्या शेवटी निष्कर्ष होता. पारिभाषिक मराठीत तो ‘सीमारेषीय बौद्धिक कार्यक्षमता’ असा होतो. हे शब्द मोठ्याने वाचल्यावर आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले की, हे एखाद्या पाण्याच्या पंपाविषयी वाटते. ती हसली नाही.

एक पान म्हणून आलेले ते काम पुढे तीन संध्याकाळी चालले. या लेखाचा विषय त्या तीन संध्याकाळी आहेत. पण त्याआधी हे शिक्षण नेमके कसले असते, हे थोडे सांगायला हवे, कारण आम्हांलाही ते तेव्हाच कळले.

आमची समजूत अशी होती की, शाळेतला मानसशास्त्रज्ञ म्हणजे मुलांशी गोड बोलणारी व्यक्ती. प्रत्यक्षात तिचे पहिले काही महिने गोड न बोलण्याचा सराव करण्यात गेले होते. चाचणी घेताना बरोबर उत्तराला ‘शाब्बास’ म्हणायचे नाही, नाही तर पुढच्या चुकीच्या उत्तरावर झालेले मौन मुलाला ऐकू येते. हातातले घड्याळ मुलाच्या नजरेत येऊ द्यायचे नाही. सूचना छापल्या आहेत तशाच शब्दांत द्यायच्या, पदरचा एकही शब्द घालायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, सुधारून नाही. वीस वर्षे मुलांची वाक्ये सुधारण्याचाच पगार घेत आलेल्या आम्हां दोघांना हा शेवटचा नियम जरा लागला.

तिने त्याचे एक उदाहरण दिले. एका प्रश्नाला मुलाने ‘कोरड्यास’ असे उत्तर दिले. तिचे सारे आयुष्य कोथरुडात गेलेले. तिने शब्द तसाच टिपून घेतला आणि समोर शून्य गुण मांडला. नंतर आईशी बोलताना कळले की, सोलापूरकडच्या त्या घरात भाकरीबरोबर जे काही खायचे त्याला कोरड्यास म्हणतात, आणि मुलाचे उत्तर अगदी बरोबर होते. शब्द सुधारून लिहिला असता तर ही चूक कायमची गाडली गेली असती. “सर, तुम्ही बोलीभाषांचा पेपर शिकवत होता ना, तेव्हा मी नोट्स काढल्या होत्या. पण हे नव्हतं आठवलं,” ती म्हणाली.

बुद्धिमापनाचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर तो आरंभापासून भाषेपाशीच अडलेला दिसतो. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बीने याने १९०५ मध्ये पहिली मापनश्रेणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. तिची पुढे झालेली अमेरिकन आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मुलांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांत आणली, ती १९३४ च्या सुमारास. हा उद्योग धारवाडचा. ज्या सीमाभागावरून पुढे भाषावार प्रांतरचनेचे रण माजले, त्याच्या आसपासच एका माणसाने दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी एकच मोजपट्टी तयार करण्याचा खटाटोप केला होता, ही गोष्ट मराठीच्या किती अध्यापकांना ठाऊक असेल? आम्हांला नव्हती. ‘बीने-कामत चाचणी’ या नावाने तिची सुधारित रूपे अजूनही वापरात आहेत. दुसरी नित्याची चाचणी नागपूरची. ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूपांतर केले, ते १९६९ चे. मोजपट्ट्या जुन्या होतात, पिढी बदलली की सरासरीही सरकते. तरी या दोन्ही चाचण्यांमागचे कष्ट भाषांतराचे आहेत, एवढे आमच्या व्यवसायातल्या माणसाने कृतज्ञतेने नोंदवायला हरकत नाही.

पुण्यात या विषयाचे नाव काढले की सदाशिव पेठ आठवणे अपरिहार्य आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये प्रशाला. गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेल्या मराठी कसोट्या तेथे तयार झाल्या, आणि संस्थेच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका शिकवली जाऊ लागली. एवढे असून पुणेरी पालकाच्या मनात मात्र ‘बुद्धिमापन’ हा शब्द प्रवेशपरीक्षेशीच जोडलेला राहिला, हा दोष संस्थेचा नाही, आपला आहे. चौथीतल्या मुलाला त्या परीक्षेसाठी ‘तयार’ करून घेणारे घर आणि त्याच वयाच्या मुलाला शाळेने पाठवलेली चिठ्ठी हातात धरून बावरलेले घर, ही दोन्ही घरे एकाच शहरात दोन-तीन किलोमीटरांच्या अंतरात असतात. एकाला आकडा हवा असतो. दुसऱ्याला तो ऐकायची भीती वाटते.

आता त्या तीन संध्याकाळींकडे येऊ.

पहिल्या संध्याकाळी आम्ही परिभाषा कोश काढला. शासनाच्या भाषा संचालनालयाने या कोशांवर घेतलेल्या मेहनतीची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. ‘अवधान’, ‘समायोजन’, ‘अध्ययन अक्षमता’ हे शब्द पाठ्यपुस्तकात अर्थाचे काम चोख करतात. पण आमच्यापुढच्या पानाची वाचक पाठ्यपुस्तक वाचणार नव्हती. ‘तुमच्या पाल्याची प्रक्रिया-गती आणि कार्यकारी स्मृती सरासरीपेक्षा कमी आढळते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, आणि ते वाचून त्या बाईला एवढेच कळले असते की, काहीतरी कमी आहे.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही साहित्याकडे वळलो, आणि हे सांगताना थोडी लाज वाटते. ‘त्याच्या मनाची वाट संथ आहे, पण ती मुक्कामी पोहोचते’ असे एक वाक्य आमच्यापैकी एकीने लिहिले आणि दुसऱ्याने त्याची तारीफ केली. विद्यार्थिनीने ते दोनदा वाचले आणि आमच्या आदराला धक्का न लागेल अशा बेताने खोडले. “मॅडम, छान आहे. पण हे वाचून आईने उद्या सकाळी काय करायचं?”

रोजच्या बोलीतला सोपा शब्द घ्यावा, तर ‘मंद’ हा एकच हाताशी होता, आणि तो उच्चारणेही शक्य नव्हते. अर्थापकर्षाची उदाहरणे देताना आम्ही वर्गात पिढ्यान्‌पिढ्यांची तीच ती घासलेली उदाहरणे देतो. वास्तविक आमच्या डोळ्यांदेखत एक शब्द असा घसरला आहे. ‘मतिमंद’ हा एके काळी सरकारी कागदावरचा सभ्य, किंबहुना सहानुभूतीने घडवलेला शब्द होता. आमच्या शाळकरी वयात तो मैदानावरची शिवी झाला. मग ‘विशेष मूल’ आले, तेही आता कोपरखळीच्या सुरात ऐकू येते. आपण शब्द बदलतो आणि जुन्या शब्दामागची नजर नव्या शब्दाच्या मागे येऊन उभी राहते.

दरम्यान तिने आम्हांला या ‘सीमारेषे’चा व्यवहारातला अर्थ सांगितला. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळायचे तर बुद्ध्यंक साधारण ७० च्या खाली लागतो. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळाले खरे, पण २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच त्या तपासणीची पुढची पायरी घेतली जात असे. या मुलाचा आकडा दोहोंच्या मध्ये पडला होता. त्याला वर्ग झेपत नव्हता, आणि तरी तो कोणत्याही प्रमाणपत्राच्या हद्दीत येत नव्हता. नकाशावरची उपमा आम्ही थट्टेने काढली होती. ती इतकी तंतोतंत लागू पडेल असे वाटले नव्हते.

शाळेने लिहून दिलेल्या तक्रारींत एक अशी होती: ‘अंक उलटे लिहितो.’ सत्तावीस सांगितले की बहात्तर लिहितो. पाश्चात्त्य पुस्तकांत असे उलटे अंक म्हणजे धोक्याची खूण. पण मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. ऐकल्या क्रमाने लिहिणारे मूल बहात्तरच लिहील. २०१९ मध्ये ‘बालभारती’ने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना आठवत असेल. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर आपली बाजू शांतपणे मांडत होत्या, आणि आम्ही दोघे तेव्हा भाषेच्या अस्मितेच्या बाजूने तावातावाने बोलत होतो. मराठी अंकनामांचे सौंदर्य आजही आम्हांला पटते. पण मराठी मुलाची चूक मराठीच्या घडणीतून येते की मुलाच्या अडचणीतून, हे वेगळे काढता येणारा माणूस लागतो, आणि तो माणूस घडवताना मराठीचा कोणीही अध्यापक जवळपास नसतो, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले नव्हते. वेलांटीचेही तसेच. ‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटीकडे जातो, उच्चारात मात्र ती नंतर येते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत इंग्रजी पुस्तकातल्या कोणत्या तक्त्यात सापडणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये वाचन-अक्षमतेच्या चाचण्या हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आणल्या, हे म्हणूनच मोठे काम आहे.

येथे आम्हांला आमच्या एका विद्यार्थ्याविषयी लिहायला हवे. ते टाळावे असा विचार दोनदा आला.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या निबंधात एका पानावर चाळीसच्या वर लाल वर्तुळे झाली होती. ऱ्हस्व-दीर्घ तर होतेच, पण अक्षरेही गळलेली, जोडाक्षरे उलटीपालटी. आमच्यापैकी एकाने ते पान वर्गात वाचून दाखवले. नाव घेतले नव्हते, पण नाव घेण्याची गरज नव्हती. वर्ग हसला. आमच्यापैकी दुसरीने हा प्रसंग त्याच दुपारी ऐकला आणि तीही हसली. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक चौदा नियम आणि १९७२ ची त्यांतली चार नियमांची भर, ही आम्ही राखायची वेस आहे अशी आमची त्या काळची भूमिका होती.

तोच मुलगा पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाने बसवलेल्या एकांकिकेत होता. संहिता त्याने कधी हातात धरलेली कोणी पाहिली नाही. तो मित्राला दोनदा वाचायला लावायचा आणि स्वतःच्याच नव्हे, सगळ्यांच्या भूमिका पाठ म्हणायचा. आम्ही याला हुशारी आणि आळस यांचे मिश्रण समजलो. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. आम्ही चौकशी केली नाही.

त्याच्याविषयी सांगून झाल्यावर आम्ही आमच्या विद्यार्थिनीला विचारले की, त्याला लेखन-अक्षमता असेल का? तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “न पाहिलेल्या मुलाचं निदान करायचं नसतं, हे आम्हांला पहिल्याच महिन्यात शिकवतात, सर.” म्हणजे आम्ही त्याला आळशी ठरवले तेव्हाही घाई केली होती आणि आता दुसरे नाव द्यायला निघालो तीही घाईच होती. वास्तविक महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका दहावी-बारावीच्या परीक्षेत धरू नयेत, अशी सवलत १९९६ पासून आहे. ‘तारे जमीं पर’ २००७ साली आम्ही दोघांनीही पाहिला होता, बहुधा डोळेही पुसले होते. त्यानंतरचा हा प्रसंग.

तिने मग एक गोष्ट सांगितली, ती तिच्या पहिल्या सत्राच्या अभ्यासातली. मार्च १८९६ मध्ये फिलाडेल्फियात लाइटनर विटमर या प्राध्यापकाकडे एका शिक्षिकेने आपला चौदा वर्षांचा विद्यार्थी आणला. बाकी विषयांत ठीक, पण शब्दांची स्पेलिंगे येत नाहीत. विटमरने डोळ्यांपासून तपासणी सुरू केली. मुलाच्या दृष्टीतच दोष निघाला, त्याला चष्मा मिळाला, आणि मग शिकवणे सुरू झाले. या शास्त्राच्या उपयोजित शाखेचा आरंभ सामान्यतः या प्रसंगापासून मोजतात. म्हणजे सुरुवात एका शुद्धलेखनात कच्च्या मुलापासून झाली आहे. त्या शिक्षिकेसमोरही लाल वर्तुळांचे पान आलेच असेल. ती ते घेऊन विचारायला गेली.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही विशेषणे सोडून दिली. ही सूचनाही तिचीच. “तो कसा आहे हे लिहायचं नाही. तो काय करतो आणि कधी करू शकतो, एवढंच लिहायचं.” कथनमीमांसेवर चर्चासत्रे भरवणाऱ्या आम्हां दोघांना हे सुचायला तीन दिवस लागले होते. मग वाक्ये भराभर आली. ‘त्याला एका वेळी दोन कामे सांगितली, तर दुसरे निसटते. एकेक सांगितले, तर दोन्ही होतात.’ ‘फळ्यावरून उतरवून घ्यायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला, तर तो पूर्ण उतरवतो.’ ‘गोष्ट ऐकली की लक्षात ठेवतो. म्हणून धडा आधी वाचून दाखवावा.’ ‘ओरडा बसला की येत असलेलेही उत्तर देत नाही.’ आकडा पानाच्या तळाशी गेला, आणि त्यापुढे लिहिले की, हा आकडा आजच्या दिवसाचा आहे, दोन वर्षांनी पुन्हा पाहायचा आहे. ‘सीमारेषीय’ हा शब्द इंग्रजी अहवालात राहिला. मराठी पानावर तो आला नाही. हे बरोबर झाले की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, आईपासून नाव लपवणे हाही एक प्रकारचा तोराच आहे. दुसरीला वाटते की, नाव तोंडी सांगता येते आणि ते सांगायला विद्यार्थिनी समोर बसलेली होतीच.

ती बसली आणि तिने सांगितलेही. आईने पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच विचारला: “म्हंजे मॅडम, पोरगं मंद हाय का माझं?” विद्यार्थिनीने ‘नाही’ म्हटले नाही आणि ‘हो’ही म्हटले नाही. पान पुढे केले. आई बोट ठेवून वाचत गेली आणि दोन कामांच्या वाक्याशी थांबली. “हे तर मला ठावं होतं. दुकानात धाडताना मी त्याला एकच जिन्नस सांगते. दोन हवं असलं तर दोनदा धाडते.” विद्यार्थिनीने हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजी अहवालात मराठीतूनच घातले. मार्गदर्शक बाईंनी ते ठेवू दिले.

ती आता दोन खासगी शाळांत कंत्राटी समुपदेशक आहे, तीन-तीन दिवस. एका शाळेत तिची खोली म्हणजे क्रीडासाहित्याच्या खोलीचा अर्धा भाग. मुले बोलता बोलता रिंग-टेनिसच्या कड्या चाळवतात, आणि त्याचा उपयोगच होतो असे ती म्हणते. अमेरिकेत या व्यवसायाच्या संघटनेच्या अपेक्षेप्रमाणे १२०० तासांची आंतरवासिता करावी लागते, त्यातले निदान ६०० तास शाळेत, आणि ५०० विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ असावा असे ती संघटना सांगते. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे सांगितले. आमच्या महाविद्यालयालाही ते लागू होते. पण अनुदानित मराठी शाळेच्या संचमान्यतेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांचे रकाने दिसतात, या माणसाचा दिसत नाही. ज्या महापालिकेच्या शाळेत तो मुलगा होता तेथे ती केवळ शिकाऊ म्हणून, सत्रापुरती जाऊ शकली.

आमच्यापुरते म्हणायचे तर विभागात आता एक दोनशे पानी वही आहे. डावीकडे कोशातला शब्द, उजवीकडे आईला सांगायचे वाक्य. ती महिन्यातून एखाद्या शनिवारी येते, आणखी दोघी मैत्रिणींना घेऊन. एक वऱ्हाडची आहे, त्यामुळे उजवा रकाना कधी कधी दोनदा भरावा लागतो. ‘अवधान’ जमले आहे. ‘समायोजन’ जमले आहे. ‘कार्यकारी स्मृती’समोर चार वाक्ये लिहून चारही खोडली आहेत. त्या मुलाच्या आईचे जिन्नसाचे वाक्य तेथे घालावे असे एकीचे म्हणणे आहे, पण त्यासाठी त्यांना आधी विचारायला हवे, आणि घराचा पत्ता मधल्या काळात बदलला आहे.